शर्यतीआधी गोळी नको : मुंबई मॅरेथॉननंतर आलेले प्रश्न

जानेवारीचा तिसरा रविवार सरला की कोल्हापुरातल्या धावणाऱ्यांचे प्रश्न यायला लागतात. मेडल गळ्यात घालून महालक्ष्मी एक्स्प्रेसने परतलेले, मध्येच थांबावं लागलेले आणि पुढच्या वर्षी नाव नोंदवायचंच असं ठरवलेले, सगळेच विचारतात. बरेचसे प्रश्न दरवर्षी तेच असतात, कारण पहिलं उत्तर ग्रुपवर मिळालेलं असतं आणि डॉक्टरांची आठवण त्रास झाल्यावर येते. इथली उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमचा आजार, तुमची औषधं यांचा निर्णय तपासल्याशिवाय होत नाही.

प्रश्न : हाफ मॅरेथॉननंतर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आहेत. काय करू? (वय २९, राजारामपुरी)

बूट लहान पडले. नख गळेल, नवं येईल. ठणका लागला, पू दिसला किंवा तुम्हाला मधुमेह असेल तर लगेच दाखवा. घरी सुईने टोचू नका.

प्रश्न : विद्यापीठाच्या परिसरात आणि रंकाळ्याभोवती मी २१ किलोमीटर आरामात धावतो. मुंबईत त्याच वेगाने निघालो, पण पंधराव्या किलोमीटरनंतर पाय उचलेनात, डोकं जड झालं. सराव कमी पडला का? (वय ३६, ताराबाई पार्क)

सराव बहुधा पुरेसा होता, वेग चुकला. जानेवारीतली कोल्हापूरची पहाट थंड आणि कोरडी असते. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत. मुंबईची हवा पहाटेही दमट. घाम वाळला तरच शरीर थंड होतं. तिथे तो वाळत नाही, नुसता गळतो. मग हृदयाला एकाच वेळी पायांना आणि कातडीला रक्त पुरवावं लागतं आणि घड्याळातला तोच वेग शरीराला बराच जड जातो. दमट उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस आधी मुंबईत जाऊन राहणं बहुतेकांना जमणार नाही, म्हणून पहिले दहा किलोमीटर मुद्दाम सावकाश धावा. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच वेग ठेवा. पेडर रोडच्या चढावर तर घड्याळाकडे पाहूच नका.

एक गोष्ट तुमच्या सगळ्या ग्रुपने लक्षात ठेवावी. सोबतचा धावपटू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, चिडचिड करू लागला तर तो थकवा समजू नका, तो उष्माघात असू शकतो. त्याला तिथेच थांबवा, वैद्यकीय पथकाला बोलवा आणि ते येईपर्यंत अंगावर मिळेल तेवढं थंड पाणी, बर्फ घाला. आधी थंड करायचं, मग हलवायचं. पहिल्या अर्ध्या तासावर पुढचं बरंच काही ठरतं.

प्रश्न : पाळीच्या दिवसांत शर्यत आली तर धावावं का? (वय ३३, साने गुरुजी वसाहत)

धावता येतं. पाळी पुढे ढकलायची गोळी मैत्रिणीच्या सल्ल्याने घेऊ नका. रक्तस्राव फार होत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. सराव वाढवल्यापासून पाळीच बंद झाली असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका, त्याचा परिणाम हाडांवर होतो.

प्रश्न : पाणी कमी पडू नये म्हणून प्रत्येक टेबलावर थांबून भरपूर प्यायले. तरी शेवटी मळमळ, डोकेदुखी आणि बोटं इतकी सुजली की अंगठी निघेना. वेळ पावणेसहा तास. पाणी अजून कमीच पडलं असेल का? (वय ४४, कसबा बावडा)

उलट, जास्त झालं असण्याची शक्यता मोठी आहे. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं, त्यांतल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी आलं. धावताना ज्यांचं वजन वाढलं आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला, त्यांना हा धोका अधिक होता. सावकाश धावणाऱ्याला प्यायला वेळही जास्त मिळतो आणि त्याचा घामही तासाला कमी जातो. तहान लागेल तेवढंच प्या. सरावात तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहा; नंतरचं वजन वाढलेलं असेल तर तुम्ही जास्त पीत आहात. डोकेदुखीसोबत उलट्या, गोंधळ किंवा झटका आला तर ते रुग्णालयाचं काम आहे. तिथे आणखी पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं.

आता ओआरएसबद्दल, कारण हाच प्रश्न आणखी काहींनी विचारला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे साडेवीस ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचं असतं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकायचं नाही. ओआरएस हे नाव लावून गोड सरबतं रंगीत डब्यांत वर्षानुवर्षे विकली गेली आणि लोक ती मुलांच्या जुलाबातही देत राहिले. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. डब्यावरचं नाव वाचून घेऊ नका, मागचा मजकूर वाचा. आणि ओआरएस खरं असलं तरी प्रमाणाबाहेर प्यायल्यास सोडियम उतरायचं थांबत नाही. तुम्हाला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ किती घ्यायचं हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मित्राला ऐनवेळी जमत नाही. त्याच्या बिबवर (छातीवरच्या नंबरावर) धावलो तर चालेल का? (वय २७, फुलेवाडी)

नाही. तुम्ही बेशुद्ध पडलात तर नोंदीत त्याचं वय, त्याचा रक्तगट, त्याच्या घरच्यांचा फोन निघेल.

प्रश्न : सरावापासून उजवा गुडघा आणि नडगी दुखत होती. ग्रुपमधल्या अनुभवी सरांनी सांगितलं म्हणून फुल मॅरेथॉनच्या आधी डायक्लोफेनॅकची एक गोळी घेतली, तिसाव्या किलोमीटरला दुसरी. ५ तास १० मिनिटांत पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी लघवी कमी आणि कोऱ्या चहासारखी झाली, तिसऱ्या दिवशी रंग सुधारला. आता ठीक आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. पुढच्या वेळी कोणती गोळी सुरक्षित राहील? (वय ४६, मंगळवार पेठ)

आधी आजचं काम. हे वाचून झालं की फिजिशियनकडे जा आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी), सीके (स्नायूंची झीज दाखवणारी), पोटॅशियम आणि लघवी तपासून घ्या. लघवी चहासारखी झाली त्याच दिवशी तुम्ही रुग्णालयात असायला हवं होतं. रंग सुधारला म्हणजे मूत्रपिंड सुधारलं असं नसतं, आणि तुम्ही तर रक्तदाबाचे रुग्ण आहात.

आता गोळीचं. शर्यतीआधी वेदनाशामक घेण्याची ही पद्धत मला सर्वांत जास्त काळजीत टाकते, कारण ती घेणाऱ्याला आपण काही वावगं केलं असं वाटतच नाही. धावताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळतं, मूत्रपिंडाच्या वाट्याला कमी येतं. त्या वेळी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या आधारे मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतं. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांचं कामच मुळी ती द्रव्यं बनू न देणं. म्हणजे ज्या चार-पाच तासांत मूत्रपिंडाला त्या आधाराची सर्वाधिक गरज असते, त्याच तासांत आपण तो काढून घेतो. वर घामाने पाणी गेलेलं असतं. स्नायू झिजून त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरलेलं असतं, तेही मूत्रपिंडालाच गाळावं लागतं. चहासारखा रंग बहुधा त्याचाच. त्यात टेल्मिसार्टन, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांत असतं तसं लघवी वाढवणारं औषध असेल तर भार आणखी वाढतो. डायक्लोफेनॅकसारख्या याच वेदनाशामक गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात, म्हणून वर सांगितलेला सोडियम उतरण्याचा धोकाही वाढतो. जठरातून रक्तस्राव होऊ शकतो तो वेगळा.

हे तर्काने सांगत नाही. ८० किलोमीटर धावणाऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. औषध घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याचं रक्तात दिसलं, न घेतलेल्यांत ३४ टक्के. बहुतेकांचं मूत्रपिंड यातून सावरतं, हे खरं. पण त्या बहुतेकांत आपण असू की नाही, हे सुरुवातीच्या रेषेवर उभं असताना कुणालाच कळत नाही. बरं, ज्या दुखण्यासाठी हे करायचं ते तरी थांबतं का? अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या १६० किलोमीटरच्या शर्यतीत आयबुप्रोफेन घेणाऱ्यांचे स्नायू न घेणाऱ्यांपेक्षा कमी दुखले नाहीत.

तुमची नडगी दुखत होती, ही गोष्ट मला गुडघ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, तर ते हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत तो दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. वेळेवर कळला तर काही आठवड्यांच्या विश्रांतीत भरून येतो. गोळी घेऊन ४२ किलोमीटर धावलं तर तोच तडा पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकतो. जांघेत दुखत असेल तर आणखी सावध राहायला हवं, कारण मांडीच्या हाडाच्या मानेचा, म्हणजे खुब्याजवळच्या निमुळत्या भागाचा, तडा सरकला तर शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर राहत नाही. तीन-तीन महिने मलम चोळायचं, पट्टा बांधायचा, ग्रुपमध्ये विचारायचं आणि शर्यत झाल्यावर लंगडत यायचं, हे बंद व्हायला हवं.

डायक्लोफेनॅक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही. मेडिकलमध्ये सहज मिळतं म्हणून ते साधं होत नाही. सरांचा धावण्याचा अनुभव मोठा असेल, त्याचा मान ठेवा, वेगाबद्दल त्यांना जरूर विचारा. तुमचं क्रिएटिनिन त्यांना ठाऊक नसतं. पॅरासिटामॉल चालेल का, असा पुढचा प्रश्न येणार. मूत्रपिंडावर त्याचा तसा परिणाम होत नाही, पण दुखणं तेही झाकतं. गोळीशिवाय सुरुवातीच्या रेषेपर्यंत जाता येत नसेल तर त्या वर्षी धावायचं नाही. नाव नोंदणीचे पैसे जातील, जाऊ द्या.

प्रश्न : शेजारी म्हणतात, धावून गुडघे झिजतात. खरं का? (वय ५१, शिवाजी पेठ)

हौसेने धावणाऱ्यांबाबत खरं नाही. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावपटूंपैकी साडेतीन टक्क्यांना खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात आढळला, बैठं आयुष्य जगणाऱ्यांत सुमारे १० टक्क्यांना. गुडघ्याला जुनी दुखापत किंवा शस्त्रक्रिया झालेली असेल तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना विचारून सुरू करा.

प्रश्न : वीस हजारांचे कार्बन प्लेटचे बूट घेतले तर वेळ कमी होईल का? (वय ३१, कागल)

पोटऱ्या आणि घोटे तयार नसतील तर आधी दुखापत होईल. जाहिरातीत धावणारा माणूस वर्षानुवर्षे धावून तिथे पोहोचलेला असतो. पायात नीट बसणारे साधे बूट घ्या आणि शर्यतीच्या दिवशी कोणतेच नवे बूट घालू नका.

प्रश्न : मुंबईत चढावर छातीत आवळल्यासारखं झालं, चालल्यावर थांबलं. ॲसिडिटीची गोळी घेतली. इथे जोतिबाचा डोंगर चढतानाही कधी कधी होतं. वडिलांना ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. पुढच्या शर्यतीसाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं आहे. (वय ४८, इचलकरंजी)

सर्टिफिकेट मिळणार नाही. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं आवळणं हृदयाचंच आहे असं धरून चालायचं, तपासणीने दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. आजपासून धावणं बंद, डोंगर बंद, आणि एक-दोन दिवसांत हृदयरोगतज्ज्ञांना भेटायचं. बसल्या जागी आवळलं, घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

मॅरेथॉनमध्ये हृदय बंद पडणं दुर्मीळ आहे. अमेरिकेतल्या २००० ते २०१० या काळातल्या शर्यतींच्या नोंदीत पूर्ण मॅरेथॉनमध्ये लाखात सुमारे एक असं प्रमाण आढळलं, हाफमध्ये त्याहून बरंच कमी. पण तो आकडा सगळ्या धावणाऱ्यांचा मिळून आहे. छातीत आवळणाऱ्या, वडिलांचा असा इतिहास असलेल्या ४८ वर्षांच्या पुरुषाला तो लागू करता येत नाही. ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता सही घेऊन येणारे दरवर्षी भेटतात. त्या कागदाने आयोजकांची फाईल पूर्ण होते, तुमची रक्तवाहिनी मोकळी होत नाही. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करायची हृदयाची तपासणी) नॉर्मल आली तरी एवढी लक्षणं असताना पुढची तपासणी लागू शकते, ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील.

प्रश्न : मुंबईहून आल्यावर लगेचच्या रविवारी ग्रुपचा पन्हाळ्याचा घाट धावायचा बेत आहे. मी फुल केली आहे. जाऊ का? (वय ३८, रुईकर कॉलनी)

धावायला नको. मॅरेथॉननंतर स्नायूंचं दुखणं एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि मग ओसरतं, पण आतली दुरुस्ती त्यानंतरही चालू राहते. उतारावर धावताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार झेलतात, झीज तिथेच जास्त होते. पहिला आठवडा चालणं आणि हवं तर पोहणं. दुसऱ्या आठवड्यात सपाटीवर अर्धा तास सावकाश धावा. घाट निदान तीन-चार आठवड्यांनी. सर्दीबरोबर ताप, अंगदुखी असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत सपाटीवरही धावायचं नाही. जिने उतरताना एकाच बाजूचा गुडघा दुखत असेल तर घाटाची तारीख ठरवण्याआधी फिजिओथेरपिस्टना दाखवा.