काळी पूड पडतेय? वायू अजून कोरडा करत बसू नका

‘बाहेर टेबलावर वर्षभर चाललेल्या स्टररच्या मोटरचे कार्बन ब्रश नायट्रोजनच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आठवड्यात संपले, खाली काळी पूड,’ हे तुमचं वाचलं आणि माझ्याच जुन्या दुखण्यावर बोट पडलं. (नवख्यांसाठी: ग्लोव्ह बॉक्स म्हणजे बसवलेल्या हातमोज्यांतून आत काम करायची हवाबंद पेटी; स्टरर म्हणजे ढवळणी; कार्बन ब्रश म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे ठोकळे.)

अलाइनमेंट, स्प्रिंगचा दाब वगैरे तुम्ही बघितलंच असेल. माझी चूक वेगळीच होती. मला वाटलं, कुठून तरी दमट हवा शिरतेय. म्हणून मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे वायूतली वाफ शोषणारे दाणे, तापवून पुन्हा कोरडे केले. पाण्याची वाफ 1 पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) खाली आली, मी खूश. नवे ब्रश चार दिवसांत गेले! कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या फिरत्या कड्यावर, एरवी तपकिरी, तुकतुकीत थर असतो. त्या जागी नुसतं खरवडलेलं तांबं.

ब्रशमधलं ग्राफाइट मुळातच गुळगुळीत असतं हा आपला गैरसमज. त्याच्या थरांच्या तुटक्या कडांना पाण्याचे रेणू चिकटतात, तेव्हाच ते घसरतं. वाफ नाही तर कडा एकमेकींना धरतात आणि भुगा पडतो. 1940च्या दशकात उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे ब्रश असेच तासाभरात झिजायचे. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅव्हेजने 1948 साली यावर लिहिलंय. म्हणजे ही काही नवी बातमी नव्हे. तरी ज्यांच्याकडून यंत्र घेतलं त्यांचं सर्व्हिस ऑफिस तीन महिने ‘ओरिजिनल ब्रश वापरा’ एवढंच सांगत राहिलं. ओरिजिनलच होते हो! वरून प्रत्येक व्हिजिटचं बिल वेगळं.

माझं मत विचाराल तर ब्रशचा नाद सोडा आणि ब्रशलेस मोटर बसवा. ते जमत नसेल तर उंचावरच्या विमानांसाठीचे, झीज रोखणारे पदार्थ मिसळलेले ब्रश मागा. आत थोडी वाफ सोडूनही झीज थांबते. पण बॉक्समध्ये लिथियम असेल तर माझ्या भरवशावर हे अजिबात करू नका. मी मेंटेनन्सवाला, केमिस्ट नाही.

जाता जाता: सरकत्या भागांना ग्राफाइट पावडर लावू नका, तेच रडगाणं. तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड लावा, त्याला उलट कोरडंच मानवतं. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट आत वापरत असाल तर तोही बदला. ऑक्साइडचा थर एकदा खरवडला की ऑक्सिजनशिवाय परत धरत नाही, आणि नट असा जाम होतो की शेवटी कापावा लागतो. मी ब्राँझचे नट लावलेत.

आणि ती पूड आधी पुसून घ्या, वीजवाहक असते. सर्क्युलेशनचा फिल्टरही उघडून बघा; आमचा काळा ठिक्कर निघाला होता.