नाल्यातली माशांची हाडं: तुमचे प्रश्न

प्रश्न: वरोऱ्याजवळ नाल्याच्या रेतीत बोराच्या बीएवढा, दोन्ही बाजूंनी खोलगट मणी सापडला. हाड आहे का?

वर्णनावरून तो माशाचा मणका वाटतो. दोन्हीकडून खोलगट मणका ही बहुतेक माशांची खूण. खात्री हवी तर रोहूचा मणका शेजारी ठेवून बघा. पण तो जीवाश्म आहे का, हा प्रश्न वेगळा, कारण नाल्यात ताजी हाडंही वाहून येतात. भिंगातून पाहा: जीवाश्मात हाडाची बारीक छिद्रं खनिजानं भरलेली असतात आणि आकाराच्या मानानं तो जड लागतो. रंगावर जाऊ नका. गाळात पडून ताजं हाडही काळं होतं. काही जण जाळून वास घेतात, ते कृपा करून नको. नमुना कायमचा बिघडतो.

प्रश्न: काळे, चकचकीत, पतंगाच्या आकाराचे तुकडे मिळाले. दात असतील का?

बहुधा खवले. लेपिसोस्टियस जातीच्या माशांच्या खवल्यांवर दातावर असतो तसा कठीण थर असतो; म्हणून बाकी सांगाडा विरून गेला तरी ते टिकतात. वरोरा तालुक्यातल्या डोंगरगावच्या लामेटा थरांतून (डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात साचलेला गाळाचा खडक) असे मासे ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ वुडवर्ड यांनी १९०८ मध्येच नोंदवले. त्यांच्यासोबत पिक्नोडस हा मासाही सापडला. त्याचे दात गोलसर आणि घोटीव असतात, पतंगासारखे नाहीत.

आता महत्त्वाचं. सिरोंच्याकडच्या कोटा चुनखडीतल्या (राजस्थानची कोटा फरशी नव्हे) लेपिडोटिस माशाचे खवलेही असेच चौकटी आणि चकचकीत. पण ते ज्युरासिक काळातले, म्हणजे डोंगरगावच्या माशांहून सुमारे १० कोटी वर्षांनी जुने! नुसता खवला हातात ठेवून वय विचारलं, तर कोणीच खात्रीनं सांगू शकणार नाही. जागा सांगा, म्हणजे निम्मं उत्तर मिळालं.

प्रश्न: मग सापडल्यावर काय करायचं?

उचलण्याआधी शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा. तुकड्याच्या कडा धारदार असतील तर मूळ थर जवळच असतो, झिजून गोल झाल्या असतील तर तो दुरून आलाय. नाल्याच्या वरच्या अंगाला चालत जाऊन काठ बघा, पण काठात रुतलेलं हाड उकरू नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. धुवायचंच असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे; व्हिनेगर किंवा लिंबू अजिबात लावू नका.