सर्क्युलेशन : अभिसरण, चलन, खप की देवघेव?

प्रश्न असा आला आहे : एका भाषांतरात ‘या दैनिकाचे अभिसरण 45,000 आहे’ असे वाक्य आहे. कोशात ‘सर्क्युलेशन’समोर अभिसरण हा शब्द सापडतो, तरी वाक्य कानाला खटकते. का?

खटकते, कारण ते चूक आहे. रक्त शरीरभर फिरून हृदयाकडे परत येते. विकलेला पेपर छापखान्यात परतत नाही, रद्दीवाल्याकडे जातो. इंग्रजीने या दोन्हींना एका शब्दात बसवले. मराठीत मात्र फिरणारी वस्तू कोणती आणि ती शेवटी जाते कुठे, हे पाहून शब्द ठरतो. भाषांतर करताना आधी एवढे विचारले तरी निम्मे काम होते.

पेपरचा असतो तो खप. आणि खप म्हणजे छापलेल्या प्रती नव्हेत. समजा, 50,000 अंक छापले, विक्रेत्यांकडून 4,000 न विकता परत आले आणि 1,000 फुकट वाटले, तर खप 45,000. एक अंक घरात तिघांनी वाचला तर वाचकसंख्या 1,35,000 होईल. जाहिरातदाराला ऐकवायला हा आकडा बरा, पण तो खप नाही. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही 1948 साली स्थापन झालेली संस्था सभासद प्रकाशनांचे आकडे सहा-सहा महिन्यांच्या हिशेबाने तपासते, तेही खपाचेच. अंक गावोगाव पोचवण्याची व्यवस्था म्हणजे वितरण, म्हणून ‘सर्क्युलेशन मॅनेजर’ला वितरण व्यवस्थापक म्हणतात. तेव्हा वरचे वाक्य ‘या दैनिकाचा खप 45,000 प्रतींचा आहे’ असे हवे. जाता जाता, खपणे हे क्रियापद मोठे गुणी आहे : माल खपतो, माणूस शेतात दिवसभर खपतो आणि उद्धटपणा खपवून घेतला जात नाही.

आता अभिसरण. रक्ताभिसरण हा शब्द पाठ्यपुस्तकांमुळे घट्ट रुजला आहे (रक्त + अभिसरण, म्हणून ‘रक्ता’; ‘रक्तभिसरण’ आणि ‘रक्ताभिसारण’ दोन्ही चूक). विल्यम हार्वेने 1628 मध्ये मांडले ते हेच : तेच रक्त बंद वर्तुळात पुन्हा पुन्हा फिरते. निरोगी प्रौढाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते. हा शब्द सगळ्या फेऱ्यासाठी राखून ठेवावा. एका बोटाला घट्ट दोरा बांधला तर त्या बोटाचा रक्तपुरवठा तुटतो; ‘बोटाचे रक्ताभिसरण बंद पडले’ हे उगाच जड होते. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात त्याचा दोष सरसकट रक्ताभिसरणावर टाकला जातो, पण तिथे बहुधा नस म्हणजे चेता (इंग्रजीतली ‘नर्व्ह’) दबलेली असते. ‘नस’ हा शब्द आपण रक्तवाहिनी आणि चेता दोन्हींसाठी वापरतो, घोळ तिथून सुरू होतो.

अभिसरणाची खरी अडचण वेगळीच आहे. विज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण असते. तिथे अभिसरण म्हणजे तापलेले पाणी वर आणि थंड पाणी खाली जाऊन होणारे उष्णतेचे संक्रमण, इंग्रजीतले ‘कन्व्हेक्शन’. रोजगार हमीच्या कागदांत ‘योजनांचे अभिसरण’ दिसते, म्हणजे दोन योजनांचा निधी एका कामात एकत्र आणणे, ‘कन्व्हर्जन्स’. तीन इंग्रजी शब्दांना मराठीत एकच प्रतिशब्द. व्युत्पत्ती पाहिली तर यातला सरकारी अर्थ सर्वांत जवळचा निघतो, कारण अभि + सृ म्हणजे एखाद्याकडे जाणे. अभिसारिका प्रियकराकडे निघालेली असते, गोल फिरत नसते. गोल फिरण्याचा उपसर्ग ‘परि’. हिंदीने रक्तासाठी ‘परिसंचरण’ घेतले, त्यात तो आहे. आपल्याकडे तो परिभ्रमणात आणि कचेरीतल्या परिपत्रकात राहिला. म्हणून आता रक्ताभिसरण बदलावे असे मुळीच नाही. रूढ शब्द व्युत्पत्तीसाठी मोडू नयेत.

पैशाच्या बाबतीत शब्द एकच, चलन, आणि तो फार ओझे वाहतो. चलन म्हणजे खुद्द पैसा, चलन म्हणजे तो व्यवहारात फिरणे. शिवाय बँकेत भरायचा कागदही चलनच (काही जण ‘चलान’ म्हणतात), आणि गणितात समचलन व व्यस्त चलन. याचा फटका बातम्यांत बसतो. 8 नोव्हेंबर 2016 रोजी जुन्या 500 आणि 1000 रुपयांच्या नोटांची कायदेशीर वैधताच काढून घेण्याची घोषणा झाली. 19 मे 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने 2000 रुपयांच्या नोटा व्यवहारातून मागे घेण्याचे जाहीर केले, मात्र त्या वैध चलन राहतील असे त्याच वेळी सांगितले. दोन्हींना ‘चलनातून बाद’ म्हटले की फरक पुसला जातो आणि घरातली नोट आता कागद झाली असे लोकांना वाटते. पहिल्यासाठी ‘वैधता रद्द’, दुसऱ्यासाठी ‘चलनातून मागे घेतली, वैधता कायम’ असे लिहावे. शब्द चार जास्त लागतात, लागू देत.

ग्रंथालयातला ‘सर्क्युलेशन काउंटर’ म्हणजे देवघेव विभाग. पुस्तक जाते, परत येते, नोंद होते. इतका नेमका शब्द असताना ‘अभिसरण कक्ष’ कशाला? कार्यालयात मसुदा सर्वांकडे फिरवतात, मोबाइलवर मेसेज फिरतो. इथे साधे ‘फिरणे’ पुरते.

हवेसाठी खेळणे. पण ‘हवा खेळती आहे’ यात बाहेरची हवा आत येणे आणि आतली बाहेर जाणे गृहीत आहे. बंद खोलीतला पंखा तीच हवा नुसती फिरवतो. म्हणूनच कूलरच्या माहितीपत्रकातल्या ‘एअर सर्क्युलेशन’चे भाषांतर करताना नीट पाहावे : कूलर हवेत ओलावा सोडत असतो, खिडकी बंद असेल तर दमटपणा साचतो आणि गारवा कमी होतो. सूचना ‘खोलीत हवा खेळती ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवा’ अशी असावी. ‘हवेचे अभिसरण करा’ वाचून कोणी खिडकी उघडणार नाही.

इमारतीच्या नकाशातला ‘सर्क्युलेशन एरिया’ राहिला. जिना, बोळ, लिफ्टसमोरची जागा यांना मिळून ‘येण्याजाण्याची जागा’ म्हणावे. रेल्वे स्थानकाबाहेरच्या ‘सर्क्युलेटिंग एरिया’ला स्थानकाचे आवार म्हटले की रिक्षावाल्यालाही कळते.