गणित सोडलं होतं, आता आयसरला नंबर लागतोय

पत्र

ताई, तासगावजवळच्या एका गावात आम्ही राहतो. दोन एकर द्राक्षबाग आहे. बारावीला माझं पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) होतं, गणित अकरावीलाच सोडलं. नीटमध्ये सरकारी एमबीबीएस लागेल एवढे मार्क नाहीत. मैत्रिणीच्या नादाने आयसरची (केंद्राची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) प्रवेश परीक्षा, आयएटी, दिली. गणिताचे पंधराही प्रश्न कोरे सोडले, तरी तिरुपती आयसरची जागा मिळेलसं दिसतंय. पाच वर्षांचं बीएस-एमएस, जीवशास्त्र घ्यायचं मनात आहे. आई म्हणते, ‘एक वर्ष परत नीट दे, नाहीतर इथंच होमिओपॅथीचं बीएचएमएस कर, नावापुढं डॉक्टर तरी लागेल.’ पप्पा विचारतात, ‘पाच वर्षं शिकून शेवटी मास्तरच होणार ना?’ आणि मला गणिताची धडकी भरली आहे. काय करू?

— द्राक्षबागेतली मुलगी

उत्तर

आयएटीत साठ प्रश्न, प्रत्येकी 4 गुण, एकूण 240. त्यातले 60 गुण तू हात न लावता सोडून दिलेस आणि उरलेल्या 180 मधून जागेपर्यंत आलीस. तेव्हा जीवशास्त्र, रसायन आणि भौतिकची काळजी मी करत नाही. जागा मिळाली तर घे. पण आजपासून ऑगस्टपर्यंतचे सहा आठवडे गणिताला द्यायची तयारी असेल, तरच घे.

‘जीवशास्त्र घेतलं म्हणजे गणितातून सुटले’ हा समज बारावीपर्यंत चालतो. आयसरमध्ये पहिल्या वर्षी जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित हे चारही विषय सगळ्यांना असतात. पुढे जीवशास्त्र निवडलंस तरी गणित पाठ सोडत नाही, फक्त वेश बदलून येतं. उदाहरण घे. ई. कोलाय हा जिवाणू चांगल्या माध्यमात साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. एका पेशीपासून सुरुवात केलीस आणि अन्न पुरत राहिलं असं धरलंस, तर दहा तासांत तीस वेळा दुप्पट, म्हणजे जवळजवळ 107 कोटी. याचा आलेख साध्या कागदावर काढलास तर आठव्या तासापर्यंत रेघ जमिनीलाच चिकटलेली दिसेल, कारण तोवरचे साधारण पावणेदोन कोटी 107 कोटींपुढे काहीच नाहीत. तोच आलेख लॉगवर काढ (उभ्या अक्षावर 1, 10, 100, 1000 असे सारख्या अंतराचे टप्पे), सरळ रेघ मिळते आणि तिच्या चढावरून वाढीचा दर वाचता येतो. लॉग न कळलेल्या मुलीला पहिला आलेख बघून वाटतं की आठ तास काही घडलंच नाही. तळ्यातल्या माशांची संख्या कुठे थांबेल, एन्झाइमचा वेग कुठे सपाट होईल, दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा, इथेही हेच. पेपर अवघड जातो ही झाली लहान अडचण. गणित नसेल तर समोरचा प्राणी काय करतोय तेच दिसत नाही.

सहा आठवडे, रोज दोन तास. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं फुकट मिळतात, तेवढी पुरेत. क्लास लावू नकोस. पहिला आठवडा घातांक, लॉग आणि आलेख वाचणं. दुसरा फंक्शन आणि अगदी जुजबी त्रिकोणमिती. तिसरा-चौथा लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह. इथे घाई करायची नाही, कारण पुढचं सगळं याच्या खांद्यावर उभं असतं. पाचवा इंटिग्रेशन, सहावा मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी. रोज पंधरा गणितं स्वतःच्या हाताने, उत्तर झाकून. सोडवलेलं उदाहरण वाचून ‘कळलं’ म्हणणं हा पीसीबीवाल्यांचा जुना रोग आहे. जीवशास्त्र वाचून येतं, गणित वाचून येत नाही.

तिथे गेल्यावर गाडी कुठे घसरते तेही सांगते. पहिल्या दोन आठवड्यांत वर्गातली पीसीएमची, म्हणजे बारावीला गणित घेतलेली मुलं ‘हे झालंय आमचं’ म्हणून मान डोलवतात. तुझ्यासारखी मुलगी लाजून गप्प बसते आणि असाइनमेंट शेजारणीची उतरवते. मिडसेमला, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेला, ते उघडं पडतं. मग लेक्चर बुडवणं सुरू होतं, विषय मागे राहतो आणि दुसऱ्या वर्षी नव्या विषयांबरोबर जुनाही ओढावा लागतो. यावर उपाय साधा आहे: असाइनमेंट अर्धी राहिली तरी चालेल, पण स्वतःची द्यायची, आणि तिसऱ्या आठवड्याच्या आत शिकवणाऱ्यांना जाऊन सांगायचं की बारावीला गणित नव्हतं. अशी मुलं दरवर्षी येतात, त्यांना नवल वाटणार नाही.

आता आईचं म्हणणं. नीटचा विचार मनात असेल तर वर्ष थांबून नीटच दे. आयसरला जाऊन खोलीत लपून नीटचा अभ्यास करणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. पहिल्याच सत्रात दोन्हीकडे पाणी पडतं. बीएचएमएस साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच वर्षं. रुग्णाशी बोलायला आवडत असेल तर तो काही कमीपणाचा मार्ग नाही. पण नुसत्या नावापुढच्या अक्षरांसाठी साडेपाच वर्षं देणं महागात पडतं. (ती अक्षरं पीएचडीनेही लागतात, आईला हे सांगून बघ.)

पप्पांना मात्र खरं ते सांग. बीएस-एमएसची पाच वर्षं, त्यातलं पाचवं बरंचसं संशोधन प्रकल्पाचं. पुढे पीएचडीची साधारण पाच. तोवर तू अठ्ठावीस-एकोणतीसची होशील, पण ती दुसरी पाच वर्षं घरातून पैसे मागायचे नसतात. सीएसआयआर-नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधनाची पाठ्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि नंतर 42,000, वर घरभाडं भत्ता. पीएचडी नको झाली तर प्रयोगशाळेत किंवा कंपनीत काम, डेटाचं काम, नाहीतर नेट-सेट काढून कॉलेजात शिकवणं आहे. मास्तर होणं एवढं वाईट आहे का, हा प्रश्न पप्पांना मी विचारला असता. आयसरच्या विद्यार्थ्यांना इन्स्पायर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. ती वर्षाला 80,000 ची. 60,000 हातात आणि 20,000 उन्हाळी प्रकल्पासाठी. पण ते पैसे अनेकदा कित्येक महिने उशिरा येतात. पहिल्या वर्षाची फी आणि मेस त्यावर धरून चालू नका, बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी आत्ताच करा.

तुला हे काम आवडेल की नाही, ते मी इथून सांगू शकत नाही, बाग सांगेल. खरड छाटणीनंतरची नवी काडी सध्या वाढतेय. दहा वेली ठरव: पाच बांधाकडच्या, पाच मधल्या. प्रत्येकीची वीस पानं, म्हणजे एकूण 200. दर तीन दिवसांनी त्याच पानांवर भुरी किती, डाऊनी किती (दोन्ही द्राक्षाचे बुरशीसारखे रोग) ते मोज आणि वहीत लिही, शेजारी पाऊस पडला का आणि फवारणी कधी झाली तेही. डाऊनीला पान ओलं राहावं लागतं, भुरीला तशी गरज नसते. मग बांधाकडच्या आणि मधल्या ओळींत फरक पडतो का बघ. दोन आठवडे. तिसऱ्या मोजणीलाच जीव उबगला तर बीएचएमएसचा फॉर्म अजून भरता येईल. ‘मधल्या ओळीतच का?’ म्हणत रात्री वही पुन्हा उघडलीस, तर आईशी भांडायला हरकत नाही.

शेवटी कागदपत्रं, कारण आपल्याकडची मुलं मार्कांवर नाही, दाखल्यावर अडकतात. आयसर ही केंद्राची संस्था आहे. ओबीसी असशील तर नॉन-क्रिमीलेअरसह दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातला लागतो. महाराष्ट्राच्या नमुन्यातला परत येतो. एसईबीसीचा (राज्याच्या मराठा आरक्षणाचा) दाखला तिथे उपयोगी पडत नाही. तसं असेल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखला बघ: कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि शेतजमीन पाच एकरांपेक्षा कमी हवी, तुमची दोनच आहे. सेतू केंद्रात ‘सेंट्रलचा’ असं मुद्दाम म्हण, नाहीतर सवयीने राज्याचाच हातात ठेवतात. आणि खबरदारी म्हणून इथे बीएस्सीला प्रवेश घेणार असशील, तर मूळ गुणपत्रिका आणि एलसी परत कसे मिळतील ते आधी विचार, ऐन वेळी तेच कपाटात अडकून पडतात.

लांब पडेल म्हणून आई रडेल. कोल्हापूरहून सुटणारी हरिप्रिया मिरजेवरून थेट तिरुपतीला जाते आणि आयसरचं आवार तिथून पुढे येर्पेडूला आहे. रिपोर्टिंगला आईलाच बरोबर ने, म्हणजे बालाजीचं दर्शनही होईल. दाखल्यासाठी मात्र सोमवारीच जा. निकालानंतर तिथली रांग वाढते.