फिलिपिन्समधली काठीची लढाई, म्हणजे आर्निस, नेमकी काय असते?

आर्निस म्हणा, एस्क्रिमा म्हणा की काली, विद्या साधारण एकच. २००९ मध्ये फिलिपिन्सने कायदा करून आर्निसला राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिला. काठी वेताची, जेमतेम ७० सेंटिमीटर. गंमत म्हणजे इथे हत्यार पहिल्या दिवसापासून हातात देतात, रिकाम्या हातांची झुंज नंतर. वार ओळखायचा तो कोनावरून, त्यामुळे काठीच्या जागी सुरा आला तरी हालचाल फारशी बदलत नाही. पहिलं लक्ष्य बहुधा समोरच्याचा हत्यार धरलेला हात; मनगटावर फटका नीट बसला की काठी गळून पडते. दुसरा हातही स्वस्थ नसतो, तो अडवतो, पकडतो, हिसकावतो. फिलिपिन्समधल्याच सेबू बेटावरचा दोसे पारेस हा १९३२ चा क्लब आजही नावाजलेला आहे. शिकणार असाल तर डोळ्यांना गॉगल लावाच. बोटं सडकून निघणार, हे धरूनच चाला.