घरच्या टाकीत क्लाऊनफिशची पिल्ले वाढवताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेली बहुतेक पत्रे क्लाऊनफिशविषयी, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेल्या ‘निमो’विषयी आहेत. खाऱ्या पाण्यातला हा मासा घरच्या टाकीत अंडी घालतो आणि त्याची पिल्लेही घरी वाढवता येतात. मात्र सह्याद्रीच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्याला समुद्राचे पाणी आणि पिल्लांचे जिवंत अन्न या दोन्ही गोष्टी स्वतः तयार कराव्या लागतात, आणि पत्रांतल्या बहुतेक अडचणींचे मूळ या दोहोंपैकी कशात तरी आहे.

प्रश्न : आमच्या बोअरचे पाणी चवीला खारटच आहे. त्यात खडेमीठ घालून क्लाऊनफिश ठेवता येतील का? (तासगाव)

उत्तर : नाही, येणार नाहीत. बोअरच्या पाण्याचा खारटपणा आणि समुद्राच्या पाण्याचा खारटपणा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काळ्या जमिनीतून आणि ऊस-द्राक्षांच्या पट्ट्यातून वर येणाऱ्या पाण्यात क्षार तर असतातच, शिवाय शेतातल्या खतांमुळे नायट्रेटही असू शकते. खडेमीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड; समुद्राच्या पाण्यात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट ठरावीक प्रमाणात असतात. बायकार्बोनेट कमी पडले की पाण्याचा पीएच टिकत नाही आणि तो ८.१ ते ८.४ च्या दरम्यान राहिला नाही, तर मासे जगले तरी अंड्यांपर्यंत मजल जात नाही.

आरओचे पाणी आणि मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी मीठ हाच खात्रीचा मार्ग आहे. प्रतिलिटर साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला सुमारे साडेतीन किलो मीठ लागते. ते टाकीत थेट ओतू नये; वेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी हलते ठेवून एक दिवस विरघळू द्यावे आणि रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजण्याच्या उपकरणाने विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ असल्याची खात्री करूनच ते पाणी वापरावे. घरच्या प्युरिफायरचे पाणी घेणार असाल, तर एक गोष्ट आधी तपासा. चव यावी म्हणून बहुतेक प्युरिफायरमध्ये थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते. ती बंद करून घ्यावी आणि विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा १० च्या खाली आल्याशिवाय ते पाणी वापरू नये. टाकी भरल्यावर मासे सोडण्याची घाई नको. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकायला चार ते सहा आठवडे लागतात.

प्रश्न : दुकानदाराने नर-मादी म्हणून दोन मासे दिले, पण त्यांच्यात सतत मारामारी होते. नर कोणता आणि मादी कोणती हे कसे ओळखावे? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : क्लाऊनफिशमध्ये जन्मतः कोणीही मादी नसते. सगळी पिल्ले आधी लिंगभेदाविना असतात; गटातला सर्वांत मोठा आणि दांडगा मासा पुढे मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर होतो आणि उरलेले तसेच राहतात. मादी मेली तर नराची मादी होते आणि खालचा मासा नराच्या जागी येतो. मादीचा पुन्हा नर मात्र होत नाही. आपल्याकडचे दोन्ही मासे सारख्याच आकाराचे आणि मोठे असतील, तर त्या दोन माद्या असण्याची शक्यता अधिक आहे. त्यांचे एकमेकींशी कधीच जमणार नाही. एकीला लगेच वेगळे करावे.

जोडी जमवण्याचा सोपा उपाय म्हणजे एक मोठा आणि एक स्पष्टपणे लहान, असे एकाच जातीचे दोन तरुण मासे घेणे. मोठा मासा सुरुवातीला लहानाच्या मागे लागतो, त्याने घाबरून जाऊ नये. लहान मासा मोठ्यासमोर अंग तिरपे करून थरथरला, की त्याने पडते घेतले आणि जोडी जमण्याच्या मार्गाला लागली असे समजावे. तो वरच्या कोपऱ्यात दडून बसला, त्याचे पर फाटू लागले किंवा त्याने खाणे सोडले, तर मात्र मध्ये जाळी लावावी. लहान टाकीत तीन मासे ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, पण जोडी जमल्यावर तिसऱ्याचे फार हाल होतात, म्हणून मी तो कधीच देत नाही.

मासे घेताना ते हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, जन्मलेले आहेत का, हे जरूर विचारा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशात विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले मासे घेण्याची आता गरज उरलेली नाही. हॅचरीतले मासे कोरडे खाद्य सहज खातात, बंद टाकीला सरावलेले असतात आणि साधारण दीड वर्षाच्या आसपास अंडी घालू लागतात.

प्रश्न : पैदाशीसाठी ॲनिमोन आणि प्रवाळ हवेच का? (सातारा)

उत्तर : दोन्हींची गरज नाही. समुद्रात हा मासा ॲनिमोन या मऊ शुंडकांच्या जिवात आसरा घेतो, पण टाकीत तो एखाद्या मातीच्या कुंडीलाच आपले घर मानतो आणि तिच्यावर अंडीही घालतो. ॲनिमोन सांभाळणे हे माशापेक्षा अवघड काम आहे. तो मेला तर एका रात्रीत सगळे पाणी नासवतो. प्रवाळाच्या बाबतीत तर प्रश्न कायद्याचाही आहे. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि समुद्री घोडाही तिच्यातच आहे. दुकानात कोणी ‘चालतं’ म्हणून देऊ केले, तरी घेऊ नये.

प्रश्न : आमच्या जोडीने कुंडीवर नारिंगी अंडी घातली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी एकही शिल्लक नव्हते. असे का झाले? (कराड)

उत्तर : अंडी आई-वडिलांनीच खाल्ली. नव्या जोडीच्या पहिल्या दोन-तीन खेपांत असे हमखास होते, त्यामुळे आपले काही चुकले असे मानू नका. नराला अंडी सांभाळण्याची सवय व्हावी लागते. शिवाय नीट फळली न गेलेली अंडीही तो काढून टाकतो. पाणी आणि खाणे सांभाळले, तर जोडी पुन्हा दोन-तीन आठवड्यांत अंडी घालते.

खाण्याकडे मात्र लक्ष द्या. नुसत्या कोरड्या दाण्यांवर अंडी दुबळी निघतात. रत्नागिरी-मालवणकडून येणारी कोळंबी, माकूल किंवा तिसऱ्या मासळी बाजारात मिळतात. त्या गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन, तांदळाच्या दाण्याएवढे बारीक तुकडे करून, लहान पुड्यांत गोठवून ठेवाव्यात आणि दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावे. उरलेला तुकडा पाच मिनिटांत बाहेर काढावा. टाकीचे तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस असावे, दिवा रोज ठरलेल्या वेळी लागावा आणि ठरलेल्या वेळी मालवावा. टाकी जाण्या-येण्याच्या वाटेवर असेल, तर कुंडीच्या बाजूची काच कागदाने झाकावी. सतत हलणाऱ्या सावल्यांनी नर बिथरतो.

अंडी टिकली की रोज त्यांचे निरीक्षण करा. पहिल्या दिवशीचा नारिंगी रंग तीन-चार दिवसांत तपकिरी-करडा होतो, मग प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात आणि शेवटी त्या डोळ्यांना चांदीसारखी चकाकी येते. ही चकाकी दिसली की त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री अंडी फुटणार. २७-२८ अंशांना हे साधारण सातव्या-आठव्या रात्री घडते, थंडीत एक-दोन दिवस उशीर होतो.

प्रश्न : अंडी फुटली, शेकडो पिल्ले निघाली, पण चौथ्या दिवसापर्यंत सगळी मेली. आम्ही त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक आणि बारीक केलेले खाद्य दिले होते. (मिरज)

उत्तर : ती पिल्ले उपाशी मेली. हे वाचून आपल्याला वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, पण दुसरे कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. नुकतेच निघालेले पिल्लू तीन-चार मिलिमीटरचे, काचेसारखे पारदर्शक असते. ते समोर हलणाऱ्या जिवावरच झडप घालते. पाण्यात स्थिर पडलेला बलकाचा कण त्याच्या लेखी अन्नच नसतो. तो कण तळाशी कुजतो आणि अमोनिया वाढवतो. पिल्लाच्या पोटात जन्मतः असलेला बलक एक-दोन दिवसांत संपतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळी पिल्ले एकदमच जातात. आपल्याकडे नेमके हेच घडले.

त्यांचे पहिले अन्न म्हणजे रोटिफर, पाव मिलिमीटरहूनही लहान असा पाण्यातला जीव. तो अंडी फुटल्यावर मागवून चालत नाही, जोडीने अंडी घालण्याच्या आधीपासूनच घरात वाढता असावा लागतो. सगळ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की रोटिफरची बादली किमान तीन आठवडे नीट चालवता आल्याशिवाय पिल्ले वाढवण्याचा प्रयत्न करू नका. तोपर्यंत अंडी खुशाल आई-वडिलांपाशी राहू द्या.

बादली चालवणे अवघड नाही, पण त्यात खंड पडून चालत नाही. १५-२० लिटरच्या स्वच्छ बादलीत समुद्रापेक्षा थोडे कमी खारे, १.०१५ ते १.०२० विशिष्ट गुरुत्वाचे पाणी घ्यावे, हवेचे मोठे बुडबुडे सावकाश सोडावेत आणि नॅनोक्लोरोप्सिस या हिरव्या शैवालाचे द्रव खाद्य पाणी फिकट हिरवे राहील इतके दिवसातून दोन वेळा घालावे. पाण्याचा हिरवेपणा काही तासांत गेला तर रोटिफर भुकेले आहेत. दिवसभर तसाच राहिला तर ते कमी झाले आहेत किंवा आजारी आहेत. रोज चौथा हिस्सा पाणी ५३ मायक्रॉनच्या जाळीतून गाळून रोटिफर काढावेत आणि तेवढेच नवे खारे पाणी भरावे. विरजणासाठी दही बाजूला काढतो, तशी दुसरी एक लहान बादली घराच्या दुसऱ्या खोलीत नेहमी राखून ठेवावी. पहिलीतले रोटिफर अचानक मेले, तर तीच वाचवते. दोन्ही बादल्यांसाठी एकच मग किंवा जाळी वापरू नये.

आता फुटण्याच्या रात्रीविषयी. सुमारे ४० लिटरची वेगळी टाकी, बाहेरून तिन्ही बाजूंना काळा कागद लावून, आई-वडिलांच्याच टाकीतल्या पाण्याने भरावी. संध्याकाळी अंड्यांची कुंडी पाण्याबाहेर न काढता, भांड्यात बुडवूनच या टाकीत आणावी. नर परांनी अंड्यांना वारा घालत असतो, ते काम आता एअरस्टोनने, म्हणजे हवेच्या नळीच्या टोकाला लावायच्या सच्छिद्र दगडाने, करायचे असते. बुडबुडे अंड्यांच्या अगदी शेजारून वर जावेत, पण अंड्यांवर आदळू नयेत. मग पूर्ण अंधार करावा. दिवे मालवल्यानंतर साधारण दोन तासांत पिल्ले बाहेर येतात. मोबाइलचा दिवा पाण्याच्या पृष्ठभागावर कोपऱ्यात धरला, तर ती चांदीच्या बारीक टिंबांसारखी त्याकडे झेपावताना दिसतात. त्यांना जाळीने कधीही उचलू नये. हलवायचीच झाली, तर पाण्यासकट मगने हलवावीत. फुटून झाले की बुडबुडे अगदी मंद करावेत.

सकाळी टाकीत दर मिलिलिटरमागे दहाच्या आसपास रोटिफर हवेत. एक मिलिलिटर पाणी सिरिंजमध्ये घेऊन, उजेडासमोर धरून, भिंगातून हे पांढरे हलणारे ठिपके मोजता येतात. त्यांच्याबरोबर थोडे शैवालही घालून पाणी फिकट हिरवे ठेवावे, म्हणजे रोटिफर उपाशी राहत नाहीत आणि पिल्लांच्या पोटात भरलेला रोटिफर जातो. उजेड मंद असावा. रोटिफर टिपणारे पिल्लू शेपूट ‘एस’ अक्षरासारखी वळवून एकदम पुढे उडी घेते. हे दिसू लागले, की अर्धी चिंता मिटली. पाचव्या-सहाव्या दिवसापासून त्याच दिवशी अंड्यातून फुटलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, अगदी थोडा द्यायला लागावे, पण रोटिफर बंद करू नयेत. आदल्या दिवशीचा आर्टेमिया देऊ नये, त्यातले पोषण तोवर निघून गेलेले असते. अमोनिया रोज तपासावा आणि पाणी बदलताना हवेच्या नळीतून थेंब-थेंब सोडावे. आठव्या ते पंधराव्या दिवसांत पिल्ले तळाकडे उतरतात, डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो आणि ती लहान माशांसारखी पोहू लागतात. हा टप्पा ओलांडला, की मरतूक खूपच कमी होते.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी ३१-३२ अंशांवर जाते, त्यातच वीज जाते. काय करावे? (गावभाग, सांगली)

उत्तर : टाकीचे झाकण काढून पृष्ठभागावर तिरका पंखा सोडावा, दोन-तीन अंश सहज उतरतात. मात्र आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवन भराभर होते आणि मीठ टाकीतच राहते. काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करून रोज सकाळी त्या खुणेपर्यंत आरओचे गोडे पाणी भरावे, खारे नव्हे. वीज गेल्यावर माशाला पहिला धोका प्राणवायूचा असतो, म्हणून इन्व्हर्टरवर एअर पंप आणि पाणी फिरवणारी मोटर एवढेच ठेवावे. सांगलीकरांनी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवावाच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी वीज किती काळ जाऊ शकते, हे आपल्याला दाखवले आहे. पुरानंतर डासांसाठी धुरळणी होते, तेव्हा खिडक्या लावून टाकी झाकावी आणि गाडी निघून जाईपर्यंत एअर पंप बंद ठेवावा. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि डास मारणारी बहुतेक औषधे माशांना जीवघेणी असतात. डासांची अगरबत्ती आणि फवारा यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : दोन महिन्यांची पिल्ले आहेत, पण काहींचे पांढरे पट्टे अर्धवट आहेत. ती विकता येतील का? याचा व्यवसाय होऊ शकतो का? (विटा)

उत्तर : आधी आपले मनापासून अभिनंदन. अर्धवट पट्टे पहिल्या दोन आठवड्यांतल्या अपुऱ्या पोषणामुळे किंवा आनुवंशिकतेमुळे राहतात. मासा त्याने दुबळा होत नाही, घेणाऱ्याला सांगून खुशाल द्यावा. कल्ल्यांवरचे झाकण आखूड असलेली किंवा जबडा वाकडा असलेली पिल्ले मात्र विकू नयेत आणि पुढे पैदाशीलाही ठेवू नयेत.

व्यवसाय होऊ शकतो, पण एका जोडीवर नव्हे आणि पहिल्या वर्षी नव्हे. तीन-चार जोड्या, अखंड चालणारे रोटिफर आणि वाढत्या पिल्लांसाठी पुरेशा टाक्या एवढे उभे राहिल्यावरच ग्राहक शोधावेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या प्रकल्पांनाही अर्थसाहाय्याची तरतूद आहे. सध्याच्या अटींची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी आणि खर्च त्यानंतरच करावा. आपली पिल्ले आणखी दोन महिने थांबवा. ती अडीच-तीन सेंटिमीटरची झाली, कोरडे दाणे न चुकता खाऊ लागली आणि सलग दोन आठवडे एकही मेले नाही, म्हणजे ती द्यायला हरकत नाही. देण्याच्या आदल्या दिवशी त्यांना खायला घालू नये, म्हणजे पिशवीतले पाणी प्रवासात खराब होत नाही.