परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटात तुम्ही दर रविवारी दहा चांगल्या पुस्तकांची यादी टाकता. लोक हात जोडतात, फुलं पाठवतात, पण वर्षभरात त्यातलं एखादं पुस्तक कुणी वाचल्याचं तुमच्या कानावर आलेलं नाही. शिवाय जुनी पुस्तकं नेटवर शोधायला जावं तर सापडत नाहीत. यादी अजून चांगली कशी करावी, असं तुम्ही विचारताय. माझं म्हणणं, यादी बंदच करा. आठवड्याला एकच पुस्तक सांगा, आणि तेही तुम्ही किंवा गटातल्या कुणी नुकतंच वाचून संपवलेलं.

हे मी कुठे शिकले ते सांगते. तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात मी २२ वर्षं देवघेवीच्या टेबलावर होते. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो. एका वर्षी त्यानिमित्त मी महिनाभर खपून १०० पुस्तकांची यादी केली, विषयवार लावली, दारातल्या फळ्यावर डकवली आणि ती पुस्तकं वेगळ्या कपाटात मांडली. लोक फळ्यापाशी थांबायचे, मान डोलवायचे आणि मग सरळ माझ्याकडे येऊन विचारायचे, "बाई, आज काय काय परत आलंय?"

माझ्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा असायचा. कपाटात लावायला वेळ झालेला नसायचा, आणि संध्याकाळच्या गर्दीत निम्मा गठ्ठा तिथूनच उचलला जायचा. त्या पुस्तकांना कुणाचा तरी हात लागलेला असायचा. एखादं पान दुमडलेलं, मधे खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट तसंच राहिलेलं. आणि पुस्तक परत करणारा माणूसही बऱ्याचदा तिथेच उभा असायचा. "कसं आहे हो?" "पहिली चाळीस पानं जरा जड जातात. मग मात्र खाली ठेववत नाही." एवढ्यावर पुस्तक पुढच्या घरी जायचं. माझ्या कपाटातल्या १०० पुस्तकांजवळ असं सांगणारं कुणी उभं नव्हतं. पुढे मी माझं वाचून झालेलं पुस्तक रोज त्या गठ्ठ्यात ठेवू लागले आणि कुणी विचारलं की बोलू लागले. न वाचलेलं पुस्तक मात्र तिथे कधी ठेवलं नाही. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

तुमच्या गटातही असा गठ्ठा तयार करता येईल. समजा लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' सुचवायचं आहे. 'अजरामर आत्मचरित्र, प्रत्येकाने वाचलेच पाहिजे' असं लिहिलंत की वाचणाऱ्याला शाळेचा धडा आठवतो. त्यापेक्षा असं काही लिहा: 'वडिलांचं सोवळं इतकं कडक की सगळं घर त्याखाली दबलेलं. लग्न झालं ते कवी ना. वा. टिळकांशी. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ही बाई मागे राहिली. १९०० मध्ये तीही ख्रिस्ती झाली. मधल्या पाच वर्षांत तिच्यावर काय गुदरलं ते ती अशा बोलीत सांगते की शेजारीण ओट्यावर बसून बोलते आहे असं वाटावं. रडू येतं त्याच पानावर हसूही येतं.' पुस्तकाचं सार सगळं सांगायचं नाही. तुम्ही स्वतः कुठे थांबलात, कुठलं पान दोनदा वाचलंत, ते सांगायचं. जमलं तर त्या पानातला एक परिच्छेद स्वतःच्या आवाजात वाचून पाठवा, मिनिटभर पुरे. डोळ्यांनी थकलेल्या मंडळींना याची फार गोडी लागते.

आणि कुणाला आवडणार नाही हेही सांगा. बहुतेकजण इथे संकोच करतात, पण तुमच्या शब्दावर लोकांचा विश्वास बसतो तो इथेच. 'वेगवान कथानक हवं असेल तर याच्या वाटेला जाऊ नका' असं एकदा लिहिलंत की पुढच्या वेळी 'हे घ्याच' म्हटल्यावर लोक घेतात.

पुस्तक कसं मिळेल, ही ओळ विसरू नका. पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, आणि अक्षर बारीक आहे की मोठं. हो, अक्षराचा आकारसुद्धा. माझ्याकडची कितीतरी आजी-आजोबा मंडळी पहिल्याच पानावर पुस्तक मिटून परत करायची, लेखकाचा त्यात काही दोष नसायचा. आवृत्ती संक्षिप्त आहे की संपूर्ण, तेही पाहून लिहा.

आता जुनी पुस्तकं. ती नेटवर बरीच आहेत, अडतं ते नावापाशी. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात स्कॅन झालेली असंख्य मराठी पुस्तकं आज इंटरनेट अर्काइव्ह (archive.org) या मोफत संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत, पण त्यांची नावं रोमन लिपीत आणि ज्याने नोंद केली त्याच्या कानाला ऐकू आली तशी टंकलेली. 'श'चा 'स' झालेला, जोडाक्षरं फोडलेली, दोन शब्दांचा एक केलेला. मी शोधते तेव्हा आधी नुसतं आडनाव घालते, तीन-चार वेगवेगळ्या रोमन स्पेलिंगांत. मग शीर्षकातला सर्वांत सोपा शब्द. मग प्रकाशक. देवनागरीतही हाच घोळ: 'स्मृतिचित्रे'तली 'ति' ऱ्हस्व, पण निम्मे लोक ती दीर्घ लिहितात, म्हणून दोन्ही घालून पाहायचं. सापडलं की लगेच दुवा पाठवू नका. मधली आणि शेवटची पानं उघडून पाहा. एकदा मी एक प्रवासवर्णन आनंदाने दहाजणांना पाठवलं आणि शेवटचं प्रकरण त्या स्कॅनमध्ये नव्हतंच. दहाही जण दोनशे पानं वाचून तिथे अडकले. त्यांची मनापासून क्षमा मागितली आणि त्यानंतर न तपासता एकही दुवा पाठवला नाही.

पीडीएफबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर पुढचं कॅलेंडर वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं आहे. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, त्यांचं २०२४ पासून. असं साहित्य खुशाल वाटा. नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा किंवा अलीकडचं भाषांतर यांचे हक्क मात्र वेगळे असतात. आणि हयात लेखकाच्या पुस्तकाची कुणी गटात टाकलेली पीडीएफ पुढे ढकलू नका, कितीही आग्रह झाला तरी. कितीतरी मराठी पुस्तकांची आवृत्ती हजार प्रतींची किंवा त्याहूनही लहान असते. त्यातल्या पन्नास प्रती अशा फुकटात गेल्या की दुसरी आवृत्ती निघायची ती राहूनच जाते.

स्वतःसाठी नवं काही शोधायला माझी आवडती जागा म्हणजे मराठी विश्वकोश. तो नेटवर मोफत वाचता येतो. एखाद्या विषयाची नोंद उघडा, वारली चित्रकला घ्या किंवा सह्याद्रीतले किल्ले, आणि थेट तळाशी जा. तिथे 'संदर्भ' म्हणून पुस्तकांची नावं दिलेली असतात. तो विषय ज्यांनी आयुष्यभर अभ्यासला त्यांनी निवडलेली ती पुस्तकं. दुकानांच्या संकेतस्थळांवर दहा-बारा मतांवर मिळालेले तारे मी बघतही नाही, बुकगंगा या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर पुस्तकाची काही पानं उघडून वाचता येतात ती मात्र नेमाने वाचते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात. त्यांत चरित्रं आणि भाषांतरं उत्तम आहेत. साहित्य अकादमीची १९५५ पासूनची पुरस्कारांची यादी आहे, पुस्तकांविषयीचं, १९६४ पासूनचं 'ललित' मासिक आहे. अगदी जुन्यात शिरायचं असेल तर शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची बघा. १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची दोन खंडांतली नोंद त्या एका माणसाने केली. त्यात नाव नेमकं मिळालं की नेटवर शोधणं निम्मं सोपं होतं.

आणि तुम्ही तर बडोद्यात आहात. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून राज्यातल्या ग्रंथालयांची घडी बसवली, गावोगाव पेट्यांतून पुस्तकं फिरवली. ते मध्यवर्ती ग्रंथालय अजून तुमच्या शहरात आहे आणि त्यात मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. येत्या शनिवारी गटातल्या दोघींना घेऊन तिथे जा. एकेक पुस्तक निवडून आणा, तीन आठवडे वाचा. पहिलं टिपण गटात टाकायच्या आधी इथे चिकटवा, मी वाचून कळवते.